भीती विकतात, तपासणी देत नाहीत

‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ मराठवाड्यातल्या हजारो बायकांनी हे वाक्य दवाखान्यात ऐकले आहे. अंगावरून पांढरे जाते म्हणून गेलेल्या बाईने ऐकले, पाळी दहा-दहा दिवस थांबत नाही म्हणून गेलेल्या बाईने ऐकले, ओटीपोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईनेही तेच ऐकले. तक्रार कोणतीही असो, उत्तर एकच. हातात सोनोग्राफीचा कागद असतो, ऑपरेशनचे बिल असते. गर्भाशयाच्या तोंडाची साधी तपासणी केल्याचा कागद मात्र शोधूनही सापडत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा बाईला होणाऱ्या कॅन्सरपैकी सगळ्यात टाळता येण्याजोगा आहे. तो कसा टाळायचा हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ते ज्ञान मिळवण्यासाठी याच मराठवाड्यातल्या बायकांनी आपली शरीरे तपासायला दिली आहेत. तरीही त्या ज्ञानाचे फळ त्यांच्या दारात आले नाही. दारात आली ती भीती, आणि भीतीच्या मागून ऑपरेशन.

आधी आकडे पाहू. जून २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधान परिषदेत आला, तेव्हा सरकारनेच सांगितले की त्या एका जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशये काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सतरा जणी. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडच्या बायकांची गर्भाशये काही वेगळ्या मातीची नाहीत. वेगळे आहे ते त्यांचे जगणे आणि त्यांच्या आजूबाजूचा बाजार.

हे जगणे कसे आहे ते चळवळीतल्या मैत्रिणींना वेगळे सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे घर सोडायचे. सहा महिने कोपीत राहायचे. पहाटे उठून स्वयंपाक, मग फडात तोडणी, मोळ्या बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढवणे. फडाजवळ संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीचे कापड धुवायला पाणी नाही. एक दिवस कामावर आले नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड दोघांच्या हिशेबातून वजा. अशा बाईला पाळीचे चार दिवस म्हणजे आजार नव्हे, कर्ज वाटते. दोन-तीन मुले झाली आहेत, नसबंदी झाली आहे, मग ‘आता पिशवीचे काय काम?’ असे डॉक्टर म्हणतो, मुकादमाला ते सोयीचे असते, घरचेही मान डोलावतात. वर कॅन्सरचे नाव निघाले की बाईची उरलीसुरली शंका संपते. ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा उचल, आणि उचल फेडायला पुन्हा फड.

कुणी म्हणेल, बायकांनी स्वतःहून ऑपरेशन करून घेतले, सह्या त्यांच्याच आहेत. अशा संमतीला आपण संमती म्हणायचे का? संमती म्हणजे दुसरा रस्ता माहीत असताना निवडलेला रस्ता. जिला कुणी सांगितलेच नाही की पांढरे जाणे हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे लक्षण असते, ते गोळ्यांनी बरे होते आणि नवऱ्यालाही औषध द्यावे लागू शकते, तिने काय निवडले? १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये पुण्यात काढली गेली तेव्हा कारण दिले होते पाळीच्या स्वच्छतेचे. राज्यभरातल्या स्त्री संघटना तेव्हा रस्त्यावर आल्या. तिथे मुलींना विचारलेच नव्हते. बीडमध्ये विचारले, पण खोटी भीती घालून विचारले. दोन्हीकडे गृहीत एकच, की मुले होऊन गेली किंवा होणार नसली की बाईचे गर्भाशय म्हणजे अडगळ.

आता ‘पिशवी काढली की कॅन्सरचा धोका गेला’ या युक्तिवादाकडे पाहू, कारण तो अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. जो अवयव उरला नाही त्याला कॅन्सर होणार नाही, हे खरे. पण त्या न्यायाने डोकेदुखीवर डोकेच उतरवावे लागेल. शिवाय ऑपरेशनमध्ये गर्भाशयाचे तोंड तसेच ठेवले असेल तर त्या कॅन्सरचा धोकाही तसाच राहतो, आणि आपले नेमके काय काढले हे कित्येक बायकांना सांगितलेलेच नसते. गर्भाशयाबरोबर अंडाशये काढली असतील तर पस्तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये ठेवली तरी ती लवकर काम थांबवण्याची शक्यता वाढते. मोळी उचलणाऱ्या बाईची कंबर गेली म्हणजे तिची मजुरी गेली. न झालेल्या कॅन्सरपायी तिने हे सगळे पत्करायचे, आणि तो होणार होता की नाही हे कुणी पाहिलेलेही नसते.

आणि पाहणे अवघड नाही! हा रोग एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. शरीरसंबंधातून हा विषाणू इतक्या सर्रास पसरतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो आणि गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. विचार करा, दहा ते वीस वर्षे! एवढ्या काळात एकदा किंवा दोनदा जरी कुणी तपासले आणि बदललेला भाग तिथल्या तिथे गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट केला, तरी कॅन्सर होण्याआधीच थांबतो. गर्भाशय जागेवर राहते. बाई त्याच दिवशी चालत घरी जाते.

तपासणीच्या तीन पद्धती आहेत. पॅप तपासणीत पेशी काढून प्रयोगशाळेत पाहतात. एचपीव्ही तपासणीत विषाणू आहे का ते पाहतात. तिच्यासाठी बाईला स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. तिसरी सगळ्यात साधी, तिला व्हीआयए म्हणतात. पातळ केलेले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे आणि मिनिटभर थांबून उजेडात पाहायचे. बदललेला भाग पांढरा दिसतो. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन ही तपासणी त्यांच्या हाती सोपवली होती. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाले.

दुसरा अभ्यास आपल्या अगदी जवळचा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर तो झाला. गावांचे चार गट केले. एका गटाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए. चौथ्या गटाला तपासणी दिली नाही, नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडले. आठ वर्षांचे निष्कर्ष २००९ साली जगापुढे आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने वाढलेला कॅन्सर आणि मृत्यू दोन्ही निम्म्यावर आले. तपासणी झालेल्या त्या गटात ३४ बायका या रोगाने गेल्या. चौथ्या गटात ६४ गेल्या, तोही गट संख्येने थोडा लहान असताना.

त्या चौसष्ट जणींबद्दल बोलायला हवे. तपासणीने जीव वाचतो हे पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके आधीच दिसले होते. मग तुलनेसाठी एक गट तपासणीवाचून ठेवणे नीतीला धरून होते का, हा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला. संशोधकांचे उत्तर असे की भारतातल्या बायकांना एरवीही तपासणी मिळतच नव्हती, म्हणून न तपासणे हीच इथली रीत धरली. हे उत्तर नीट ऐका. सरकारने सेवा दिली नाही, हेच सेवा न देण्याचे समर्थन! पण आमचा मोठा आक्षेप पुढचा आहे. अभ्यास संपला, निष्कर्ष छापून आले, जगातल्या गरीब देशांना धोरणे ठरवायला ते उपयोगी पडले. ज्या बायकांच्या जिवावर हे सिद्ध झाले त्यांच्या लेकी-सुनांपर्यंत ती तपासणी पोचली का?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्याने ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करायची असे ठरवले. त्याबरोबर स्तनांची आणि तोंडाची तपासणीही. कागद उत्तम आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या शंभरात दोनही नाहीत, १.९ टक्के. हा देशाचा आकडा. म्हणजे तपासणी झालेल्या बायकांपेक्षा गर्भाशय काढलेल्या बायकांचे प्रमाण जास्त! दुसरीकडे २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्याने जातात. बाळंतपण आणि नसबंदी यांसाठी जी यंत्रणा बाईला घरातून शोधून आणते, तिला तीच बाई चाळिशीत सापडत कशी नाही? कारण त्या यंत्रणेला हवी होती ती तिची कूस. ती रिकामी झाली की सरकारचा रस संपतो आणि खाजगी बाजाराचा सुरू होतो.

आणखी एक गोष्ट चीड आणणारी आहे. या रोगाची माहितीपत्रके उघडा. कारणे काय लिहिलेली असतात? लहान वयात लग्न, जास्त बाळंतपणे, गुप्तांगाची अस्वच्छता. जणू चौदाव्या वर्षी लग्न बाईने स्वतः ठरवले होते! बीड जिल्ह्यात २०१९-२१ च्या पाहणीतही २० ते २४ वयाच्या शंभरातल्या चाळिसाहून अधिक मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. मुलीला गावी कुणाच्या भरवशावर सोडायची म्हणून, आणि लग्न झाले की नवा कोयता तयार होतो म्हणून. विषाणू बाईकडे येतो तो पुरुषाकडून, पण पत्रकावर पुरुषाचे चित्र नसते. आणि तो शरीरसंबंधातून येतो हे अर्धवट सांगितले की सासरची बोटे सुनेच्या चारित्र्याकडे वळतात. म्हणून आपण गावोगाव स्पष्ट सांगायला हवे की हा विषाणू सर्दीसारखा सर्वांना होणारा आहे, एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही होतो, आणि तो होण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. साबणाने तो जात नाही. निरोधने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका सुमारे सहा पट असतो, म्हणून तिची तपासणी लवकर आणि जास्त वेळा व्हायला हवी. मिस्री आणि तंबाखू सोडणेही महत्त्वाचे, आधी तोंडाच्या कॅन्सरसाठी. पण मिस्री भूक मारते म्हणून लावणाऱ्या बाईला नुसता उपदेश करून भागणार नाही.

आता लशीबद्दल, कारण या प्रश्नावर आपल्यातच दोन मते आहेत. २००९ साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याला हजारो मुलींना एचपीव्हीची लस टोचली गेली. खम्मममध्ये आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही, पण संमतीचे नियम धाब्यावर बसवले गेले होते हे उघड झाले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तो लढा योग्यच होता. नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेराच्या काळापासून आपण हेच म्हणत आलो आहोत की गरीब बाई म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर नव्हे.

पण काही मैत्रिणी त्यावरून ‘लसच नको’ म्हणतात, तिथे आमचा मतभेद आहे. संमती न घेता दिलेले औषध हा अन्याय आहे. औषध चांगले असताना ते परवडत नाही म्हणून न मिळणे हाही अन्यायच आहे. लशीबद्दलचे पुरावे आता २०१० इतके तोकडे राहिलेले नाहीत. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींच्या पिढीत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली दिसले. २०१० च्या बंदीमुळे देशातला एक मोठा अभ्यासही अर्ध्यात थांबला. त्यात ज्या मुलींना एकच डोस मिळाला होता त्यांचा पाठपुरावा पुढे दहा वर्षे केला, तेव्हा एका डोसनेही जवळजवळ तितकेच संरक्षण मिळते असे आढळले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे सांगितले त्यामागे हा पुरावाही होता. पुन्हा एकदा, आपल्या मुलींच्या शरीरांवरून जगाने शिकायचे! २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लस आली. पण बाजारातून विकत घ्यायची तर मजूर बाईची कित्येक दिवसांची मजुरी जाते. म्हणून ती फुकट, सरकारी दवाखान्यातून, मुलीला आणि आई-बापाला समजावून मिळाली पाहिजे. आणि हेही लक्षात ठेवू की लस नऊ ते चौदाच्या मुलीसाठी आहे. आज चाळिशीत असलेल्या तिच्या आईला लशीचा फोटो दाखवून उपयोग नाही. तिला तपासणीच हवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली उद्दिष्ट ठेवले: २०३० पर्यंत नव्वद टक्के मुलींना लस, सत्तर टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा तपासणी, आणि दोष सापडलेल्या नव्वद टक्के बायकांना उपचार. यातला शेवटचा आकडा विसरू नका. तपासणीचे शिबिर भरवायचे, फोटो काढायचे, आणि दोष निघालेल्या बाईला शंभर किलोमीटरवरच्या शहराची चिठ्ठी द्यायची, हा उपचार नव्हे. ती बाई जाणार नाही. आणि पुन्हा त्याच ‘पिशवी काढा’वाल्या दवाखान्याच्या दारात उभी राहील.

म्हणून आपण नुसत्या जागृतीच्या गोष्टी करून थांबू नये. जागृत झालेली बाई उपकेंद्रात गेली आणि तिथे स्पेक्युलम नाही, पडदा नाही, नर्सला शिक्षण नाही, तर त्या जागृतीची चेष्टा होते. आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी, बाई तपासनिसाकडून, पडद्याआड तपासणी. दोष आढळला तर तालुक्याच्याच ठिकाणी उपचार. ऊसतोड कामगार बायकांची तपासणी गाव सोडण्याआधी, आणि तपासणीच्या दिवसाचा खाडा नाही. फडावर पाणी आणि संडास. गर्भाशय काढण्याआधी तपासणीचा लेखी अहवाल आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत बाईच्या हातात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करायला सांगितले होते. त्यानुसार आपल्या जिल्ह्यात देखरेख समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, तिच्यावर स्त्री संघटनेची प्रतिनिधी आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर तेही जाहीर करा.

आणि गटाच्या बैठकीत एक साधे काम करता येईल. जमलेल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईला विचारा, तुझी तपासणी झाली आहे का? मग वही करा, तारीख ठरवा, आणि पाच-दहा जणींनी मिळून आरोग्य केंद्रात जा. एकटी बाई गेली तर ‘नंतर या’ म्हणून परत पाठवतात. दहा जणी दारात बसल्या की तेच केंद्र कपाटातून स्पेक्युलम काढते, नाहीतर ते नसल्याचे लेखी द्यावे लागते. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसणे, घाण वासाचे पाणी जाणे, ही लक्षणे असलेल्या मैत्रिणीला बैठकीची वाट पाहायला लावू नका, लगेच घेऊन जा. आणि कुणी डॉक्टर कॅन्सरचे नाव घेऊन ऑपरेशन सुचवत असेल, तर आपण त्याला तीन प्रश्न विचारायला शिकू या: तपासणी कोणती केली? अहवाल कुठे आहे? ऑपरेशनखेरीज दुसरा उपाय कोणता? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळेपर्यंत कुणाही बाईने सही करू नये.